एक्केचाळिसाव्या ओळीतली बाई

जन्माची नोंद बाळ जिथे जन्मतं तिथल्या कार्यालयात होते. गर्भारपणाची नोंद बाई जिथे राहते तिथल्या आरोग्य केंद्रात होते. आणि आपल्याकडे पहिलटकरीण बाळंतपणाला माहेरी जाते. ही तीन वाक्यं नीट कळली की माझं काम कळलं.

नोकरीत असताना मी नोंदणी कार्यालयात आकडे जुळवायला होतो. कुठे असता, असं कोणी विचारलं की मी "जन्म-मृत्यूत" म्हणायचो आणि समोरचा माणूस हळूच विषय बदलायचा. निवृत्त झालो त्याच वर्षी साथ आली. ती ओसरल्यावर एका अभ्यासगटाला ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या पट्ट्यातली माहिती हवी होती. साथीच्या दिवसांत किती बायका गरोदर होत्या आणि पुढे त्यांचं काय झालं, एवढाच त्यांचा प्रश्न होता. साथीत किती माणसं गेली हे सगळे मोजत होते. जे यायचे होते ते आले की नाही, हे बघायला तेव्हा कोणाला सवड नव्हती. जुन्या नोंदवह्या वाचता येणारा माणूस हवा म्हणून मला बोलावलं. घरात बसून मी तरी काय करत होतो? हो म्हटलं.

काम असं. आरोग्य केंद्राच्या नोंदवहीत प्रत्येक गरोदर बाईची एक आडवी ओळ असते. नाव, वय, कितवी खेप, पत्ता, फोन, शेवटच्या पाळीची तारीख, तिच्यात नऊ महिने सात दिवस मिळवून काढलेली प्रसूतीची तारीख. मग तपासण्या, वजन, गोळ्या. शेवटचा रकाना निकालाचा. मुलगा, मुलगी, गर्भपात, मृत जन्म, मातेचा मृत्यू किंवा स्थलांतरित. हा रकाना भरला की ओळ मिटली. साथीच्या काळातल्या कितीतरी ओळी मिटल्याच नव्हत्या. कागदावर त्या बायका अजून गरोदर होत्या. संगणकावर तर काही जणींना तीन-तीन वर्षं तपासणीला येण्याचा निरोप जात होता.

आम्ही दोन याद्या केल्या. एका यादीत ज्यांचं बाळ सापडत नव्हतं अशी गर्भारपणं. दुसरीत ज्यांचं गर्भारपण सापडत नव्हतं अशी बाळं. पहिल्या यादीतली प्रत्येक बाई दुसऱ्या यादीत शोधायची. सापडली नाही तर फोन करायचा. फोन लागला नाही तर घर गाठायचं.

'स्थलांतरित' हा शब्द मात्र लक्षात ठेवा. बाई सापडत नसेल तर हा शब्द लिहिता येतो आणि कोणी हरकत घेत नाही. आमच्या खात्यातली ती अडगळीची खोली. नोकरीत असताना मीही महिनाअखेरीला कितीतरी ओळी त्या खोलीत ढकलल्या आहेत. माझी पत्नी मला यावरून बोलायची. ती वर्तकनगरच्या बाजूच्या एका आरोग्य केंद्रात आरोग्यसेविका होती. वस्तीतल्या बायका तिला सुधा सिस्टर म्हणायच्या. "तुमच्या स्थलांतरितांची एक अख्खी गाडी भरेल," ती म्हणायची, "पण तिला उतरायला स्टेशन नाही."

साथीच्या दुसऱ्या लाटेत सुधा गेली. निवृत्तीला तिची चार वर्षं राहिली होती. घरोघर फिरत होती शेवटच्या आठवड्यापर्यंत. त्याबद्दल याहून जास्त लिहिणार नाही.

अभ्यासगटानं पाठवलेल्या वह्यांच्या गठ्ठ्यात वरून तिसरी वही तिची होती.

तिचं अक्षर मी किराणा मालाच्या यादीत आणि फ्रिजवरच्या चिठ्ठ्यांत पाहिलेलं. उभट, किंचित मागे रेललेलं, रेफ लांब ओढलेला. पण मला गलबलून आलं ते अक्षरानं नाही. वहीची शेवटची नोंद तिनं आजारी पडण्याच्या आदल्या दिवशी केलेली होती. त्या पानावरच्या बायकांच्या प्रसूतीच्या तारखा मात्र पुढच्या होत्या. ती गेली त्याच्या एक महिन्यानंतरची, तीन महिन्यांनंतरची, अगदी सात महिन्यांनंतरची तारीख तिच्याच अक्षरात होती. मी माणसाचं तेरावं केलं, वर्षश्राद्ध केलं. आणि इथे ती शांतपणे पुढचे महिने लिहीत बसली होती.

त्या शेवटच्या पानावर सात ओळी उघड्या होत्या. अभ्यासगटातल्या पोरीनं, केतकी तिचं नाव, मला विचारलंही होतं. "सर, ही वही मी घेऊ का? तुम्ही दुसरी घ्या." मी नको म्हटलं. सुधानं आयुष्यात एकाही ओळीपुढे स्थलांतरित लिहिलं नव्हतं. तिच्या सात ओळी मलाच मिटवायच्या होत्या, आणि खऱ्या उत्तरानं.

चार ओळी आठवड्याभरात मिटल्या. त्या बायका दुसऱ्या यादीत होत्या. बाळंही होती, आता पाटी-पेन्सिल मागण्याएवढी झालेली.

पाचवी बाई बाळकुमच्या एका चाळीत राहत होती. मी गेलो तर चाळ जागेवर नव्हती. तिथे तेवीस मजली इमारत होती आणि दारात कारंजं होतं. रखवालदारानं ओळखपत्र विचारलं, मी नोंदवहीतला पत्ता दाखवला, तर तो म्हणाला, "साहेब, हे घर आता कारंज्यात आहे." मागच्या बाजूला जुन्या गावठाणातली थोडी घरं शिल्लक होती. तिथे ओट्यावर एक म्हातारी कोलंबी सोलत होती. तिला नाव सांगितलं.

"कंची ती? आमचे गावान दोन हायेत त्या नावाच्या," ती मान वर न करता म्हणाली. "एकीला पोर झाला, एकीला नाय झाला. तुला कंची पायजे?"

मला दोघीही हव्या होत्या. सुधाच्या वहीतली होती पोर झालेली. दुसरी कुठल्याच वहीत नव्हती. तिच्यासाठी मी तिथेच एक नवी ओळ आखली. आजवर मी फक्त मिटवण्याचं काम केलं होतं, ओळ उघडण्याची ती पहिलीच वेळ.

सहाव्या ओळीचा फोन चार वेळा लागला. चारही वेळा पुरुषाचा आवाज यायचा, "राँग नंबर." पाचव्या वेळी मी केला नाही. दोन दिवसांनी दुसऱ्याच नंबरवरून एका बाईचा फोन आला. पाठीमागे मिक्सरचा आवाज होता. मुद्दाम चालू ठेवला असावा.

"तुम्ही सुधा सिस्टरच्या वहीतून बोलताय ना?"

वहीतून बोलताय. "हो," म्हटलं.

"चौथ्या महिन्यात गेलं. सगळं बंद होतं, दवाखान्यात घेईनात. घरी सांगितलं नव्हतं मी, आधी पण नाही, नंतर पण नाही. तुम्ही लिहा काय लिहायचं ते. फक्त फोन नका करू परत."

"नाही करणार."

"लिहाल ना पण?" तिनं पुन्हा विचारलं. "कुठे तरी लिहिलेलं असू दे."

मिक्सर बंद झाला आणि फोनही. मी निकालाच्या रकान्यात एक शब्द लिहिला. आकड्यांचा माणूस म्हणून सांगतो, तो शब्द लिहायला मला बराच वेळ लागला.

राहिली एक्केचाळिसावी ओळ. माधवी, वय सव्वीस, पहिली खेप, वर्तकनगरच्या एका जुन्या वसाहतीतला पत्ता. सुधानं तिची शेवटची तपासणी सातव्या महिन्यात लिहिली होती. सगळं ठीक. त्यापुढे काही नाही.

फोन एका वयस्कर बाईंनी उचलला. आवाज स्वच्छ, शिक्षिकेसारखा.

"माधवी आहेत का?"

"माहेरी गेलीय हो ती. बाळंतपणाला."

"बरं," मी म्हटलं, टिपून घेतलं, आभार मानले आणि फोन ठेवला. आमच्या कामात हे उत्तर दिवसातून दहा वेळा मिळतं. चहा गाळताना माझा हात थांबला. सुधाच्या वहीतली प्रसूतीची तारीख उलटून तीन वर्षं होऊन गेली होती.

चार दिवसांनी पुन्हा फोन केला. वाटलं, दुसरी खेप असेल.

"माहेरी गेलीय ती, बाळंतपणाला. पहिलंच आहे ना."

"कधी गेल्या?"

"झाले की पंधरा-वीस दिवस. तुम्ही कोण? केंद्रातून का? सिस्टरना सांगा, काळजी करू नका म्हणावं. तिचे वडील येऊन घेऊन गेलेत."

"माहेर कुठलं त्यांचं?"

"कल्याणच्या पुढे. गाडीनं जातात." गावाचं नाव आठवायला लागल्या आणि मग फोनच ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला मी त्या पत्त्यावर गेलो. तिसरा मजला, लाकडी दार, दारावर पितळी पाटी आणि पाटीवर त्यांच्या मुलाचं नाव. बाईंनी मला आत बसवलं, पाणी दिलं. घर इतकं नीटनेटकं की मला माझ्या घराची लाज वाटली. दाराशी पुरुषाचे काळे बूट पॉलिश करून ठेवलेले. खिडकीबाहेरच्या दोरीवर एकच निळा शर्ट वाळत होता. त्याचं पाणी खालच्या पत्र्यावर थेंब थेंब पडत होतं आणि आम्ही बोलत होतो तितका वेळ तो आवाज येत राहिला.

"मुलगा कामावर गेलाय," त्या म्हणाल्या. "साडेसातला येतो. थांबत असाल तर थांबा."

"नको, मला फक्त माधवीताईंची चौकशी करायची होती."

"ती माहेरी आहे. तुमच्या सिस्टरनीच सांगितलं होतं, सातव्यानंतर प्रवास नको, जायचं तर आत्ता जा. फार चांगल्या आहेत हो सिस्टर. कडक आहेत, पण चांगल्या. बऱ्या आहेत ना?"

मी पाण्याचा पेला टेबलावर ठेवला. "आहेत" असंही म्हणालो नाही आणि "नाहीत" असंही. मान हलवली. ती कुठल्या दिशेनं हलली मला सांगता येणार नाही.

जिन्यात समोरच्या घरातली बाई उभी होती. दळण आणून भिंतीला टेकली होती. तिनं मला खुणेनं थांबवलं.

"फोनवाले का तुम्ही? मावशी सांगत होत्या. शर्ट बघितलात?"

"हो."

"रोज धुतात. रोज तोच. मुलगा दुसऱ्या लाटेत गेला त्यांचा, दहा दिवसांत. आम्ही नंतर राहायला आलो, पण सगळे सांगतात. बाकी मावशी एकदम नीट आहेत हो. भाजी स्वतः आणतात, हिशोबात माझी चूक काढतात. तेवढं एक सोडून."

"आणि सून?"

"ती माहेरी गेली ती आलीच नाही. कोणी म्हणतं तीही बाळंतपणात वारली, कोणी म्हणतं वडिलांनी पाठवली नाही. मी कधी पाहिलेली नाही तिला." दळणाचा डबा उचलता उचलता ती म्हणाली, "रविवारी एक बाई येते छोट्या मुलीला घेऊन. फडताळं भरते, दुपारभर बसते, जाते. कोण म्हणून मावशींना विचारलं, तर म्हणाल्या, आहे एक ओळखीची."

घरी परतलो आणि वही उघडली. वारली असेल तर निकालाच्या रकान्यात मला मातेचा मृत्यू लिहावा लागला असता. सुधाच्या पूर्ण वहीत, मागच्या सगळ्या वर्षांत, तो शब्द एकदाही नव्हता. तिच्या शेवटच्या ओळीत तो मी लिहायचा? आणि कशाच्या आधारावर, दळण घेऊन आलेल्या बाईच्या ऐकीव माहितीवर? केतकीला फोन केला. ती म्हणाली, "सर, एका ओळीनं आपलं काही अडत नाही. स्थलांतरित टाका ना." तिचं चूक नव्हतं. मी तिच्या वयाचा असताना हेच म्हटलं असतं.

मग दिवसाउजेडी, खिडकीशी, भिंग घेऊन ती ओळ पुन्हा वाचायला घेतली. समासात शिसपेन्सिलीचं काहीतरी पुसट होतं. इतर ओळींपुढेही असं होतं, पण मी ते सोडून देत आलो होतो. मला वाटायचं, सुधाच्या घरच्या आठवणी असतील, कोणाला फोन करायचा, काय आणायचं. ती कुठेही टिपणं करायची. एक्केचाळिसाव्या ओळीपुढे होतं, 'शुभांगी – खडवली.'

मी मागची पानं उलटली. प्रत्येक पहिलटकरणीपुढे पेन्सिलीनं एका बाईचं नाव आणि एक गाव. वनिता – पोलादपूर. बेबी – कराड. आशा – संगमेश्वर. वहीत शाईनं लिहिलेली नावं वेगळीच. स्नेहल, ऋतुजा, माधवी.

आमच्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरून नवऱ्यानं अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहायचं, ही रीत अजून पुष्कळ घरांत आहे. सासरच्या केंद्रात बाई नव्या नावानं गरोदर असते आणि माहेरच्या दवाखान्यात जुन्या नावानं बाळंत होते. आमच्या दोन याद्या जुळत नव्हत्या त्याचं निम्मं कारण त्या तांदळाच्या ताटात होतं. इतकी वर्षं आकडे जुळवणाऱ्या मला ते सुचलं नव्हतं. सुधानं मात्र प्रत्येकीला विचारलं होतं, तू आधी कोण होतीस आणि कुठे जाशील. पेन्सिलीनं, कारण अधिकृत वहीत तसा रकानाच नव्हता.

तिला हे सुचणारच. ती लग्नाआधी मंगल होती. ताटात सुधा मी लिहिलं होतं. का बदललं, तर काही कारण नव्हतं, बदलतात म्हणून. ती गेल्यावर तिच्या भावाचा चिपळूणहून फोन आला तेव्हा तो सारखा "आमची मंगल, आमची मंगल" म्हणत होता आणि मृत्यूच्या दाखल्यावर सुधा होतं. मला तेव्हा क्षणभर वाटलं होतं, दोन बायका गेल्या. एक माझी आणि एक त्यांची, जिला मी ओळखतच नव्हतो.

खडवली शहरांच्या हद्दीबाहेर आहे, म्हणून तिथले जन्म आमच्या यादीत आलेच नव्हते. बुधवारी दुपारच्या गाडीनं गेलो. डब्यात माझ्याखेरीज दोन माणसं होती. स्टेशनबाहेर आरोग्य उपकेंद्र विचारत गेलो, तिथल्या आशा सेविकेला शुभांगी म्हटलं, साथीत माहेरी आलेली, तर ती म्हणाली, "नदीच्या रस्त्याला, निळं गेट. शाळेत असते ती ऑफिसला, पण आता आली असेल."

निळ्या गेटाशी एक तीन-साडेतीन वर्षांची मुलगी उभी होती. हातात पाण्याची रिकामी बाटली होती आणि ती त्या बाटलीशी बोलत होती. मला पाहून म्हणाली, "आई नाहीये घरी," आणि मागून तिची आई आली.

मी ओळख सांगितली. सुधाचं नाव सांगितलं. नवरा म्हणून नाही सांगितलं, वहीचं काम करतो एवढंच. तिनं ओसरीवर खुर्ची दिली. बारीक, सावळी, केस घट्ट बांधलेले. वहीतल्या वजनावरून मी तिची जी मूर्ती मनात केली होती तिच्याशी काहीच जुळत नव्हतं.

"माधवी म्हणून फार दिवसांनी कोणी आलं," ती म्हणाली. "इथे मी शुभांगीच. तिकडेही आता माधवी कोणी म्हणत नाही."

"रविवारी जाता ना तिकडे?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. "आईंना भेटलात?"

"भेटलो."

"मला म्हणतात, माझी सून माहेरी गेलीय, पहिलंच आहे, जरा काळजी वाटते. पहिल्यांदा रडले मी. समजवायला गेले तर त्यांनी मला दारच उघडलं नाही तीन आठवडे. आता म्हणते, येईल हो, काळजी नका करू. मग खूश असतात. हिच्याशी खेळतात. म्हणतात, आमच्याकडे पण येणारेय असं."

मुलगी बाटली घेऊन पायरीवर बसली होती. मी वही उघडली. तारीख विचारली, वजन विचारलं, कुठल्या दवाखान्यात ते विचारलं. सगळं तिला पाठ होतं. सुधानं लिहिलेल्या तारखेनंतर दोन दिवसांनी मुलगी झाली होती. सरळ बाळंतपण. मी रकान्यात लिहिलं, मुलगी.

"सिस्टरमुळे झालं सगळं," ती म्हणाली. "हे गेले त्यानंतर मी जेवतच नव्हते. बाबांनी आणलं इकडे, पण काही करावंसं वाटेना. सिस्टरचा फोन यायचा दर दोन दिवसांनी. जेवलीस का, आणि काय जेवलीस? नुसतं हो म्हणून सुटका नाही. पदार्थ सांगावे लागायचे. खोटं सांगितलं की त्यांना कळायचं."

"शेवटी-शेवटी पण यायचा?"

"शेवटपर्यंत. हिच्या वेळी कळा सुरू झाल्या तेव्हा फोनवर होत्या. झाल्यावरही आला. म्हणाल्या, आत्यानं मध आणला तर चाटवू द्यायचा नाही, कोणी रागावलं तरी चालेल, लगेच पाजायला घे. आवाज बसला होता त्यांचा. मी म्हटलं, बरं नाही का, तर म्हणाल्या, मास्क आहे तोंडाला."

मी रकान्यातली तारीख पुन्हा पाहिली. त्या तारखेला सुधाला जाऊन अकरा आठवडे झाले होते.

"कुठल्या नंबरवरून यायचा?"

तिनं मोबाइल काढून दाखवला. 'सुधा सिस्टर.' खाली केंद्राच्या मोबाइलचा नंबर. तो मोबाइल मी स्वतः धुऊन-पुसून, चार्जरसकट, सुधाचं दिवसकार्य व्हायच्या आत केंद्रात परत दिला होता.

नदीकडून वारा येत होता. वहीचं पान उडायला लागलं म्हणून मी त्यावर तळहात ठेवला आणि तसाच ठेवून बसलो.

"कशा आहेत सिस्टर?" तिनं विचारलं. "नंतर बरेच दिवस मीच फोन केला नाही. लाज वाटली. आता केला की दुसरंच कोणी उचलतं."

उभ्या आयुष्यात मी लोकांना एकच गोष्ट शिकवली, नोंद खरी करा. समोर एक बाई होती, जिनं नवरा गमावला होता, जी दर रविवारी स्वतःच्या सासूला खोटं सांगत होती, आणि जिला जगवणारा आवाज तिच्या मोबाइलमध्ये नावासकट शिल्लक होता.

"बरी आहे," मी म्हटलं. "माहेरी गेलीय."

"कुठे माहेर त्यांचं?"

"चिपळूण."

"आल्या की सांगा," ती म्हणाली, "मुलगी बोलते आता. फार बोलते."

दुसऱ्या दिवशी केंद्रात गेलो. छाया तिथे आशा सेविका म्हणून काम करते, सुधाच्या हाताखाली तयार झालेली. सुधा गेल्यावर नवी सिस्टर येईपर्यंत तो मोबाइल तिच्याकडे होता, हे मला केंद्रातल्या कारकुनानं सांगितलं. ती लसींची पेटी आवरत होती. मी वही उघडून एक्केचाळिसावी ओळ दाखवली. तिनं निकाल वाचला, मग माझ्याकडे पाहिलं, आणि पेटीचं झाकण लावायला फार वेळ घेतला.

"सात जणी होत्या, सर," ती म्हणाली. "सिस्टर ॲडमिट झाल्या त्या दिवशी मला यादी दिली. म्हणाल्या, एकीचाही फोन चुकवू नकोस. त्या गेल्यावर मोबाइल माझ्याकडे आला, तेव्हा पहिला फोन केला तो हिलाच. तिचा नवरा जाऊन चार दिवस झालेले. तिनं उचलला आणि म्हणाली, सिस्टर, तुम्ही आहात ना? मी काय सांगणार होते? हो म्हटलं."

"आणि बाकीच्या सहा जणी?"

"एकीला सांगायचं आणि एकीला नाही, असं कसं करणार? सगळ्यांना सिस्टरच झाले मी. एक वर्ष. वहीत मात्र लिहिलं नाही, कोणाच्या नावानं लिहिणार?" ती जरा हसली. "रागावणं जमत नव्हतं आधी. मग जमलं."

वहीत निकालाच्या पुढे एक बारीक रकाना असतो, प्रसूतीनंतरचा पाठपुरावा कोणी केला त्याचा. मी पेन काढलं.

"सिस्टरचं नाव लिहा ना," छाया म्हणाली. "त्यांचीच वही आहे."

मला तेच लिहायचं होतं. ते नाव तिथे छान दिसलं असतं, तिच्या अक्षराच्या ओळीत, तिच्याच नावानं शेवट. पण उद्या कोणीतरी तारखा जुळवत बसेल, आणि त्याला एक गेलेली बाई फोन करताना सापडेल. खडवलीला मी तोंडानं जे सांगितलं ते सांगितलं. कागदावर मला ते जमलं नाही. मी छायाचं नाव लिहिलं. मग पेन्सिल मागून घेतली आणि समासात, शुभांगी – खडवलीच्या खाली, लिहिलं, 'मंगल – चिपळूण.' त्याला रकाना नव्हता.

वही मिटली. छाया मला दारापर्यंत सोडायला आली. बाहेर ऊन चढलं होतं, रांगेतल्या बायका भिंतीच्या सावलीला सरकल्या होत्या.

"सर," तिनं मागून हाक मारली, "जेवलात का? आणि काय जेवलात?"

आवाज तिचाच होता. वाक्य तिचं नव्हतं. तिला स्वतःलाही ते नंतर कळलं असावं, कारण तिनं तोंडावर हात ठेवला. "सॉरी सर. तोंडात बसलंय."

रांगेतल्या एक-दोन बायका माझ्याकडे बघत होत्या. मी पायरीवर थांबलो, पाठमोराच.

"सकाळी उपमा," मी म्हटलं. "दुपारचं अजून नाही."

"मग आधी जेवा," ती म्हणाली.